संडे स्कूलमध्ये मुलं रमत का नाहीत, आणि त्यावर काय करता येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल (मुलांचा रविवारचा बायबलवर्ग) नियमित भरतं, पटावर पंचवीस-तीस मुलं आहेत, शिक्षक चार-पाच. लहान मुलं येतात, पण पाच मिनिटांत चुळबुळ सुरू करतात. दहा-अकरा वर्षांची झाली की हळूहळू यायचीच बंद होतात. नवी गाणी, खेळ, बक्षिसं, प्रोजेक्टर, सगळं करून झालं. आता आणखी काय आणावं?

आणखी काही आणू नका. मनोरंजनात घर आणि मोबाइल संडे स्कूलच्या कायम पुढे राहणार, त्या शर्यतीत उतरण्यात अर्थ नाही. मुलं टिकतात ती दोन कारणांनी. तिथल्या एक-दोन मोठ्या माणसांना आपलं नाव, आपली परीक्षा, आपलं आजारी मांजर ठाऊक असतं म्हणून. आणि आपण गेलो नाही तर तिथलं एखादं काम अडतं म्हणून. खाली जे काही आहे ते या दोन गोष्टी घडवून आणण्यासाठी आहे. गोष्ट चांगली सांगणं, वेळ नीट वाटणं, शिस्त, हे सगळं त्यांच्या पोटात येतं.

वर्गाची मांडणी शाळेसारखी का असते, हे एकदा लक्षात घेतलं की ती बदलणं सोपं जातं. १७८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्राच्या मालकाने या प्रकाराला चालना दिली. कामावर जाणाऱ्या गरीब मुलांना फक्त रविवारी सवड असे. त्या दिवशी त्यांना वाचायला शिकवायचं आणि पाठ्यपुस्तक म्हणून बायबल वापरायचं, अशी ती योजना होती. म्हणजे ती खरोखरच शाळा होती. आजचं मूल आठवडाभर शाळेत बसून आलेलं असतं. रविवारी त्याच्यासमोर पुन्हा रांगा, फळा, 'हात वर करा' आणि रिकाम्या जागा भरा ठेवलं, तर ते कंटाळणारच. वाचता येणं ही गरज शाळा भागवते. मंडळीकडे जे आहे ते शाळेकडे नाही: सहा वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंतची माणसं एका छताखाली, एकाच कामासाठी आलेली.

आधी शिक्षकांची पाळी बदला

बहुतेक ठिकाणी दर रविवारी वेगळा शिक्षक असतो. मोठ्यांच्या सोयीने ते बरोबर वाटतं, मुलांच्या बाजूने नाही. पाच वर्षांच्या मुलाला नव्या माणसाशी मोकळं व्हायला दोन-तीन भेटी लागतात. पाळी महिन्यातून एकदा येत असेल, तर त्या तीन भेटींत तीन महिने जातात. मग शिक्षक म्हणतात, 'ही मुलं बोलतच नाहीत.'

त्याऐवजी प्रत्येक गटाला दोन शिक्षकांची जोडी द्या आणि ती जोडी सलग किमान आठ ते दहा आठवडे ठेवा. वर्षभर तीच राहिली तर उत्तम, मात्र मधे ठरवून सुट्टी द्या. सुट्टी नसलेले शिक्षक कोणाला न सांगता थकतात आणि एक दिवस येणं सोडतात. तिसरी व्यक्ती राखीव. गट वयाने करा: ३ ते ५, ६ ते ८, ९ ते ११, आणि १२ च्या पुढचे वेगळे. शिक्षक कमी असतील तर मधले दोन गट एकत्र चालतात, पण तीन वर्षांचं आणि दहा वर्षांचं मूल एका गोष्टीला बसवू नका. दोघांपैकी एक जण नक्की वैतागतो, आणि बहुधा तो दहा वर्षांचा असतो. संख्येचा अंदाज असा ठेवा: ४ ते ८ वयाच्या सहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती, ९ ते १२ च्या आठ मुलांमागे एक. तीनच मुलं आली तरी मोठी माणसं दोन.

हजेरीच्या वहीत नावापुढे एक जास्तीचा रकाना आखा: 'या वेळी काय सांगितलं'. मंगळवारी गणिताची परीक्षा, आजी दवाखान्यात, दात पडला. पुढच्या रविवारी मूल दारात आल्या आल्या 'पेपर कसा गेला?' विचारायचं. एवढ्याने जे होतं ते कुठल्याही खेळाने होत नाही. मूल सलग दोन रविवार दिसलं नाही तर घरी फोन करा, पण 'का आला नाहीस?' हा सूर नको. 'तुझी आठवण आली, या वेळी आपण नामानाची गोष्ट घेतली' एवढंच पुरे. काही मुलांचे आईवडील वेगळे राहतात आणि ती एक रविवार आड इकडे असतात. जाब विचारला की जे त्यांच्या हातात नाही त्याबद्दल त्यांना खजील व्हावं लागतं.

तासाची आखणी

संडे स्कूल घड्याळाच्या ठोक्याला सुरू होत नाही, पहिलं मूल दारात येतं तेव्हा सुरू होतं. हे न ओळखल्यामुळे निम्मा गोंधळ होतो. पावणेदहाला आलेलं मूल दहापर्यंत रिकामं बसलं, तर धावपळीला सुरुवात तेच करतं, आणि दहाला आलेल्या शिक्षकाच्या वाट्याला आधीच तापलेला वर्ग येतो. म्हणून एक शिक्षक पंधरा मिनिटं आधी दारात, आणि त्याच्याकडे दुसरं कोणतंही काम नको. खुर्च्या मांडणं, झेरॉक्स काढणं, पेटी शोधणं हे आदल्या दिवशी. टेबलावर असं काहीतरी ठेवा जे मधूनच सुरू करता येतं आणि मधेच सोडता येतं: त्या दिवशीच्या गोष्टीतला मोठा नकाशा रंगवणं, ठोकळ्यांनी गाव बांधणं.

६ ते ८ वयाच्या गटासाठी साठ मिनिटांची ही वाटणी चांगली चालते. आल्यावरचं काम दहा मिनिटं. गाणी सात. गोष्ट आठ ते दहा. गोष्टीवर बोलणं पाच. हातांनी काही करणं पंधरा. वचन, म्हणजे बायबलमधली पाठ करायची ओळ, सात. प्रार्थना पाच. उरलेला वेळ एका कामातून दुसऱ्यात जाण्यात जातोच, तो धरूनच चाला. ३ ते ५ च्या गटाला गोष्ट पाच-सहा मिनिटांच्या वर नको. बसून करायच्या दोन गोष्टी कधी पाठोपाठ ठेवू नका. गोष्टीनंतर लगेच वचन पाठ करायला बसवलं की दहाव्या मिनिटाला पाय हलायला लागतात आणि आपण त्याला बेशिस्त म्हणतो.

गोष्ट सांगणं

इथे सगळ्यांत जास्त मेहनत घ्या, कारण बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे. तयारीला साधारण एक तास लागतो, आणि तो शनिवारी रात्री काढायचा नाही. आठवड्याच्या सुरुवातीला शास्त्रभाग बायबलमधून वाचा, मार्गदर्शक पुस्तकातून नव्हे. दोन दिवसांनी पुन्हा वाचा. तिसऱ्यांदा वाचून बायबल मिटा आणि पाच वाक्यांत गोष्ट लिहा. जे या पाच वाक्यांत आलं नाही त्यातलं बरंचसं मुलांना सांगायची गरज नसते. मग गोष्ट कुठे वळते ते शोधा आणि तिथे पोचेपर्यंत निकाल फोडू नका.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली पक्षाघाती माणसाची गोष्ट घेऊ. कफर्णहूमातलं घर, दारापर्यंत गर्दी, बाज घेऊन आलेले चौघे, छप्पर उघडणं, बाज खाली सोडणं, येशूचं बोलणं, माणसाचं उठणं. बहुतेक शिक्षक पहिल्याच वाक्यात म्हणतात, 'आज आपण पाहणार आहोत, येशूने एका आजारी माणसाला कसं बरं केलं.' गोष्ट तिथेच संपली. त्याऐवजी घरापासून सुरुवात करा. मुलांना दाटीवाटीने एकत्र बसवा, 'आता आत आणखी एक जण तरी मावेल का?' विचारा. मग बाहेरचे चौघे.

इथे एक चादर काढा. चार मुलं चार कोपरे धरतील. मधे दोन-तीन किलोची पिशवी ठेवा आणि त्यांना खोलीला एक फेरी मारायला सांगा. मूल चादरीत ठेवायचा मोह होतो, तो टाळा. एका कोपऱ्यावरचा हात सुटला की डोकं जमिनीवर आपटतं. पिशवीनेही काम होतं: एकाने कोपरा खाली केला की पिशवी घरंगळते, आणि चौघांनी मिळून चालायचं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. फेरी झाली की चादर बाजूला. ती हातात राहू दिली तर पुढच्या पाच मिनिटांत तिचा तंबू होतो.

मग छप्पर. इथे वेग कमी करा. खालच्या माणसांच्या डोक्यावर माती पडते, कोणीतरी वर बघतं, आधी एक भोक, मग उजेड. पात्रांना बोलू द्या: 'अरे, हे काय चाललंय?' नुसतं 'लोकांना आश्चर्य वाटलं' असं सांगितलं की कोणालाच आश्चर्य वाटत नाही. आणि मग येशूचं पहिलं वाक्य, 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.' हे गाळायची फार जणांना सवय असते, कारण ते समजावणं अवघड. गाळू नका. चौघांनी त्याला चालता यावं म्हणून आणलं आणि येशू आधी वेगळंच बोलला, हे सात वर्षांच्या मुलाच्या बरोबर लक्षात येतं, आणि पुढे वर्षानुवर्षं ते त्यावर विचार करू शकतं. मुलांना सगळं आजच कळायला हवं हा आपला हट्ट असतो.

गोष्ट सांगताना बायबल उघडं हातात ठेवा, वाचत नसलात तरी. ही गोष्ट कुठून आली ते मुलांना दिसायला हवं. शेवटी तात्पर्य जोडू नका. 'म्हणून मुलांनो, आपण मित्रांना मदत केली पाहिजे' या वाक्याने गोष्टीवर झाकण बसतं. त्याऐवजी प्रश्न विचारा, पण ज्यांचं उत्तर तुमच्या खिशात आधीच तयार आहे असे नाहीत. 'चादर किती जणांनी धरली?' ही परीक्षा झाली. जेरोम बेरीमन यांनी रूढ केलेल्या 'गॉडली प्ले' या मुलांना बायबलच्या गोष्टी सांगण्याच्या पद्धतीत जे प्रश्न असतात ते इथे कामाला येतात: यातला कोणता भाग तुला सगळ्यांत आवडला? कोणता सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो? या गोष्टीत तू कुठे असशील? कोणता भाग काढला तरी गोष्ट शिल्लक राहील? प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहा अंक मोजा. शांतता शिक्षकाला बोचते, मुलांना नाही. कोणी म्हणेल, 'मी ज्याचं छप्पर फोडलं त्या घराचा मालक.' त्यावर 'छान' किंवा 'नाही रे' दोन्ही नको. 'बरं, आणि मग त्याला काय वाटलं असेल?' एवढंच.

मुलं प्रत्येक प्रश्नाला 'येशू' किंवा 'प्रार्थना करायची' असं उत्तर देत असतील तर समजा, ती गोष्टीवर नाही, शिक्षकाच्या अपेक्षेवर विचार करताहेत. दोष प्रश्नांचा आहे.

वस्तू दाखवून उपमा देणं जपून. पाण्यात शाई टाकून 'हे पाप' आणि ब्लीच टाकून 'ही क्षमा' हा प्रयोग मोठ्यांना फार आवडतो. आठ वर्षांचं मूल घरी जाऊन सांगतं, 'आज पाण्याची जादू दाखवली.' साधारण दहा-अकरा वर्षांपर्यंत वस्तूवरून कल्पनेवर जाणं बहुतेक मुलांना जमत नाही. त्यांना वस्तू म्हणजे वस्तूच. वर ब्लीच मुलांच्या हाताजवळ आणायची वस्तूच नव्हे. गोष्टीत खरोखर असलेली वस्तू मात्र जरूर आणा: चादर, भाकरी, मासे पकडायचं जाळं. मापं द्या. नोहाचं तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, सुमारे ४५ सेंटिमीटर. तेव्हा लांबी १३५ मीटरच्या आसपास. मुलांना बाहेर नेऊन दोरीने मोजू द्या. अंगण संपतं आणि तारू संपत नाही.

भीतिदायक भाग वयाप्रमाणे. चार वर्षांच्या मुलांना क्रूसाबद्दल एक-दोन साध्या वाक्यांत सांगा आणि त्याच बैठकीत पुनरुत्थानापर्यंत या. आठवडाभर त्यांना कबरेपाशी सोडू नका. नरकाचं भय घालून, येशूला स्वीकारल्याची खूण म्हणून हात वर करायला लावणं तर नकोच. लहान मूल समोरच्या मोठ्या माणसाला खूश करण्यासाठी हात वर करतं, आणि पुढच्या शिबिरात पुन्हा करतं. त्यातून बाप्तिस्म्यांचे किंवा निर्णयांचे आकडे वाढतात, विश्वास वाढतोच असं नाही.

वचन, गाणी, हस्तकला

वचन लहानांसाठी आठ-दहा शब्दांचं निवडा आणि तेच दोन-तीन रविवार ठेवा. संदर्भ आधी आणि नंतर दोन्ही वेळा म्हणा: 'स्तोत्र तेवीस, एक: परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. स्तोत्र तेवीस, एक.' फळ्यावर पूर्ण लिहा, एकदा म्हणा, एक शब्द पुसा, पुन्हा म्हणा, आणखी एक पुसा. पाच-सहा फेऱ्यांत फळा कोरा होतो आणि मुलं तरीही म्हणत असतात. यानंतरचा टप्पा बहुतेक जण विसरतात: पुढच्या आठवड्यात उजळणी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. त्याशिवाय दर रविवारी नवं वचन म्हणजे दर रविवारी जुनं पुसणं. अर्थ आधी बोला, पाठांतर नंतर. आणि भाषांतर एकच ठरवा; वर्गात एक, घरच्या बायबलमध्ये दुसरं, असं झालं की मूल घरी म्हणायला बिचकतं. लांब भाग हवा असेल तर स्तोत्र १३६ घ्या: शिक्षक ओळीचा पहिला भाग वाचतो, आणि मुलं सव्वीसही वेळा 'त्याची दया सनातन आहे' म्हणतात. ज्याला वाचता येत नाही तोही पहिल्या मिनिटापासून सामील.

गाणी तीन: एक पाठ असलेलं, एक हातवाऱ्यांचं, एक नवं. नवं गाणं चार रविवार सलग. मोठी माणसं सूर बहुधा खाली धरतात आणि मुलं नुसती ओरडतात. पेटीवर मधल्या 'सी'च्या लगेच वरच्या 'डी'पासून त्यावरच्या 'ए'पर्यंत चाल बसेल असा सूर धरा. तिनातलं एक तरी गाणं मोठ्यांच्या उपासनेत गायलं जाणारं असू द्या. मूल मंडळीत बसलेलं असताना ओळखीचं गाणं सुरू झालं की ते सरसावून बसतं.

हस्तकलेला एकच कसोटी: ही वस्तू हातात धरून मूल घरी गोष्ट सांगू शकेल का? नसेल तर ती कापूस चिकटवलेली मेंढी एवढीच. शिक्षकाने आधी कापून दिलेल्या आणि शेवटी नीट करून दिलेल्या वस्तूत मुलाचं काही नसतं. तीन वर्षांखालचं मूल खोलीत असेल तर मणी, बटणं, साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा लहान कोणतीही वस्तू आणि फुगे बाहेर. खाऊ द्यायचा असेल तर ॲलर्जीची माहिती पालकांकडून आधी लेखी घ्या.

बक्षिसं आणि गोंधळ

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना चित्र काढायला मुळातच आवडत होतं, त्यांपैकी काहींना चित्राबद्दल बक्षीस मिळेल असं आधी सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं रंगांकडे कमी वळली. हजेरीचे तारे आणि वचनाची चॉकलेटं हेच करतात. शिवाय हजेरी ही मुलाची नसते, आईवडिलांची असते. तक्त्यावर मागे पडणारं मूल बहुधा तेच, ज्याला घरून कोणी आणून सोडत नाही. अनपेक्षित शाबासकी चालते. नेमकी कौतुकाची ओळ तर हवीच: 'तू आज त्या नव्या मुलीला जागा करून दिलीस, ते मी पाहिलं.'

गोंधळ होतो तेव्हा आधी स्वतःचा वेळ तपासा: सूचना लांबली का, वाट पाहायला लागली का, सलग बसवलं का? नियम तीनच ठेवा आणि ते करायच्या भाषेत: एक बोलेल तेव्हा बाकीचे ऐकतील, हात स्वतःजवळ, खोलीबाहेर सांगून. एखादं मूल अस्वस्थ झालं तर दुसरा शिक्षक गुपचूप जाऊन त्याच्या शेजारी बसतो, गोष्ट सांगणारा थांबत नाही. वर्गाबाहेर एकटं उभं करणं बंद. ते अपमानाचं आहे आणि असुरक्षितही. दर वेळी तेच मूल असेल तर त्याच्या पालकांना विचारा, शाळेत याला काय उपयोगी पडतं? बहुतेक वेळा उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. चित्रांचं वेळापत्रक भिंतीवर लावणं, कोपऱ्यात शांत जागा, मोठ्या आवाजाच्या गाण्याला कानांवर संरक्षक: हे स्वमग्न मुलांसाठी म्हणून सुरू केलं तरी वर्गातल्या आणखी चार जणांना लागतं. मोठ्याने वाचायला अचानक कोणालाही उभं करू नका. 'पुढे जा' म्हणायची मुभा सगळ्यांना असावी. अडखळत वाचणाऱ्या मुलाने संडे स्कूल सोडायला अशी एक फजिती पुरते.

मोठ्यांच्या उपासनेत

मुलं फक्त वेगळ्या खोलीत वाढली, तर तेराव्या-चौदाव्या वर्षी त्यांना अनोळखी मंडळीत जाऊन बसावं लागतं. साहजिकच ती जात नाहीत. म्हणून महिन्यातून निदान एकदा पूर्ण उपासना एकत्र, आणि दर रविवारी तिचा काही भाग. मुलांना मागे नव्हे, पुढे बसवा. मागून त्यांना फक्त पाठी दिसतात. पालकांनी कानात सांगत राहावं: 'आता आपण पापं कबूल करतो', 'आता अर्पण'.

पण खरं रमवणं कामात आहे. शास्त्रपाठ वाचणं, अर्पण गोळा करणं, दारात स्वागत, पडद्यावर गाण्यांच्या ओळी बदलणं, प्रार्थनेची एक ओळ. वाचनाचा भाग आठवडाभर आधी द्या, सहा-सात वचनांपेक्षा मोठा नको, अवघड नावांचे उच्चार पेन्सिलीने लिहून द्या. उपासनेच्या अर्धा तास आधी त्याच माइकवर एकदा वाचून घ्या आणि पायाखाली स्टूल लागतो का ते तेव्हाच बघा. वाचन चुकलं तर चुकू द्या. चालू वाचनात दुरुस्ती करणारा मोठा माणूस त्या मुलाचं आणि पाहणाऱ्या सगळ्या मुलांचं नुकसान करतो. काम ठरलेलं आणि नावाने असावं: 'या महिन्यात दार तुझ्याकडे.' वर्षातून एकदा 'बालदिन' करून सगळं मुलांकडे देणं आणि उरलेले रविवार विसरणं, हा देखावा मुलं ओळखतात.

मुलांसाठीचा छोटा संदेश देत असाल तर तीन-चार मिनिटं, एकच मुद्दा, आणि मुलांच्या उत्तरांवर मंडळीला हसवायचं नाही. एकदा हसं झालेलं मूल पुढच्या वेळी पुढे येत नाही.

दहा ते तेरा

हे वय गळतीचं, आणि कारणं गूढ नाहीत. दावीद आणि गल्याथ सातव्यांदा ऐकायला मिळतं, तेही सहा वर्षांच्या मुलांच्या सुरात. शाळेत विज्ञान शिकतात, इथे प्रश्न विचारला की 'विश्वास ठेव' सांगितलं जातं. मधेच आवाज फुटतो, उंची वाढते, आणि खुर्च्या अजून छोट्याच.

या गटाला शिकवणाऱ्याला 'ठाऊक नाही, बघून पुढच्या रविवारी सांगतो' म्हणता आलं पाहिजे, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांत आधी तेच सांगता आलं पाहिजे. प्रश्नपेटी ठेवा, नाव न लिहिता. शिक्षकांनी चिठ्ठ्या आधी वाचाव्यात. काहींत शास्त्राचा प्रश्न नसतो, मदतीची हाक असते. तारू, डायनासोर, दुसऱ्या धर्मातल्या मित्राचं काय, प्रार्थना करूनही आजोबा का गेले: हे प्रश्न येणारच. आजोबांच्या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई नको. स्तोत्र १३ उघडून 'हे परमेश्वरा, किती वेळ?' हे बायबलमध्येच आहे, हे दाखवा. तक्रार करायला परवानगी आहे हे कळलेलं मूल निघून जाण्याची शक्यता कमी. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता, हे या गटाला मुद्दाम वाचून दाखवा.

यांना जुन्या गोष्टी पुन्हा द्यायच्या तर मूळ मजकूर द्या: योनाची चारही प्रकरणं एका बैठकीत वाचून होतात, आणि चौथ्या प्रकरणातला चिडलेला योना बहुतेकांना कोणी सांगितलेलाच नसतो. लहान वर्गात मदतनीस म्हणून नेमा, पण मोठ्यांच्या संख्येत त्यांना धरू नका आणि दर रविवारी तिथेच अडकवू नका. त्यांचा स्वतःचा वर्ग हवा. बाप्तिस्मा, पहिलं प्रभुभोजन, दृढीकरण (आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) यांची तयारी तुमच्या मंडळीच्या रीतीप्रमाणे याच सुमारास येते. ती संपली की 'पदवी मिळाली' असं वाटून मुलं जातात, म्हणून त्या समारंभाच्या आधीच पुढच्या कामाचं नाव ठरवून ठेवा.

सुरक्षितता

यात तडजोड नाही. कोणतीही मोठी व्यक्ती कोणत्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटी नको, पाळकही नाहीत. शक्य तर जोडीतले दोघे एकाच घरातले नकोत. दाराला काच, नाहीतर दार उघडं. नव्या स्वयंसेवकाची लेखी माहिती, दोन ओळखीच्यांकडे चौकशी, देशाच्या कायद्यात असेल ती पडताळणी, आणि काही महिने मंडळीत ओळख झाल्याशिवाय वर्ग नाही. लहान मुलं ठरलेल्या व्यक्तीच्याच ताब्यात. मुलांशी खासगी चॅट नाही. निरोप पालकांच्या गटावर. फोटोला लेखी संमती. एखाद्या मुलाने कोणी त्रास दिल्याचं सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, त्याचेच शब्द लगेच लिहून ठेवा आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला व कायद्याने सांगितलेल्या यंत्रणेला कळवा. ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला आधी जाऊन विचारणं ही मंडळ्यांमध्ये होणारी सर्वांत घातक चूक.

सुरुवात कुठून

सगळं एकदम बदललं तर शिक्षकच पळतील. पहिल्या महिन्यात फक्त जोड्या, दारातला माणूस आणि वहीतला नवा रकाना. सुरक्षिततेचे नियम मात्र पहिल्याच रविवारपासून. दुसऱ्या महिन्यात गोष्टीची तयारी: सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसून एकच शास्त्रभाग एकमेकांना सांगून बघायचा, घड्याळ लावून. तिसऱ्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे उपासनेतलं एक काम. पालकांना गृहपाठाचा कागद नको. घरी जाताना विचारायचा एक प्रश्न निरोपात पाठवा, उदाहरणार्थ, 'छप्पर कोणाचं होतं?'

तीन महिन्यांनी हजेरी मोजण्याआधी वही उघडा आणि कोणत्या मुलांपुढचा रकाना कोराच राहिला ते पाहा. पुढच्या रविवारी दारातल्या माणसाच्या हातात आधी ती नावं द्या.